युनिसच्या बसचे काय झाले?

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात रात्रीच्या जेवणानंतर 'इन्व्हिक्टस' हा चित्रपट दाखविण्यात आला. सव्वादोन तासांनी दिवे लागले तेव्हा सभागृहातील बहुतेकांचे डोळे पाणावलेले होते. प्रस्तुत लेखक त्याला अपवाद नव्हता, हे आधीच कबूल केलेले बरे. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत चर्चा रंगली, आणि त्या चर्चेत जी मते मांडली गेली ती ऐकून मात्र डोळ्यांतले पाणी आटले.

मते स्थूलमानाने तीन प्रकारची होती. हा चित्रपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हापासून देशोदेशींच्या प्रेक्षकांत हीच तीन मते फिरत आली आहेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे असे, की माणसे अशी प्रेमाने जोडावी लागतात. आपण चळवळवाले नुसते भांडत राहिलो, म्हणून मागे पडलो. दुसरा एक तरुण कार्यकर्ता संतापून म्हणाला, की हा गोऱ्यांनी गोऱ्यांच्या समाधानासाठी काढलेला चित्रपट आहे आणि मंडेलांनी आपल्या जनतेचा विश्वासघात केला तो असा. तिसरे मत एका क्रीडाप्रेमी शिक्षकाचे. राजकारण्यांनी खेळापासून दूर राहावे, मग खेळ आपोआप देश जोडतो, असे त्यांनी निर्वाळा देऊन सांगितले.

मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला. कर्णधाराच्या घरी काम करणारी युनिस त्याच्याकडे काय मागते? तिला अंतिम सामन्याचे तिकीट मिळते, हे सर्वांना आठवत होते. किंबहुना त्याच प्रसंगाला अनेकांचे डोळे भरून आले होते. परंतु तिने तिकीट मागितलेच नव्हते. कर्णधार राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघाला आहे असे कळताच ती त्याला सांगते, की बससेवा फार वाईट आहे आणि भाडे परवडत नाही, एवढे त्यांच्या कानावर घाला. हे वाक्य पंधरा-वीस वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या सभासदापर्यंत एकालाही आठवले नाही. सबब हा लेख.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. फेब्रुवारी १९९० मध्ये सत्तावीस वर्षांच्या कारावासातून नेल्सन मंडेला सुटतात. त्यांच्या गाड्यांचा ताफा ज्या रस्त्याने जातो त्याच्या एका बाजूला हिरवळीवर गोरी मुले रग्बी खेळत आहेत, दुसऱ्या बाजूला धुळीत काळी मुले फुटबॉल खेळत आहेत. १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष होतात. गोऱ्यांचा लाडका आणि काळ्यांच्या तिरस्काराचा विषय असलेला 'स्प्रिंगबॉक' हा रग्बी संघ बरखास्त न करता आपलासा करायचा, असे ते ठरवितात. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना होतो. सहा क्रमांकाचा हिरवा सदरा घालून मंडेला मैदानात उतरतात. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या एका फटक्याने दक्षिण आफ्रिका न्यूझीलंडचा १५-१२ असा पराभव करते. गोरे पोलीस एका काळ्या पोराला उचलून खांद्यावर घेतात. पडदा पडतो.

सामना खरा, सदरा खरा, स्ट्रान्स्कीचा फटका खरा. क्लिंट ईस्टवुड हे कसबी दिग्दर्शक आहेत आणि मॉर्गन फ्रीमन यांचे मंडेला पाहताना माणूस हरवून जातो. चित्रपट खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या क्षणी खरा हिशेब सुरू व्हायचा त्या क्षणी तो आपल्याला घरी पाठवितो, आणि आपणही समाधानाने घरी जातो, ही माझी तक्रार आहे.

आता तिन्ही मतांचा क्रमाने परामर्श घेऊ.

प्रथम शिक्षकबंधूंचे मत. खेळात राजकारण आणू नये हे वाक्य दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीचे फार आवडते होते, हे त्यांना बहुधा ठाऊक नसावे. संघात कोणाला घ्यायचे हे कातडीच्या रंगावरून ठरविणे म्हणजे खेळ, आणि त्याला हरकत घेणे म्हणजे राजकारण, असा तो न्याय होता. १९७० च्या दौऱ्यात न्यूझीलंडच्या माओरी खेळाडूंना 'मानद गोरे' ठरवून देशात प्रवेश देण्यात आला. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूझीलंडचा संघ त्या देशाच्या मैदानांवर रग्बी खेळत होता. याच्या निषेधार्थ वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी माँट्रिअल ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. आपल्या देशाने तर १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. १९७४ मध्ये भारतीय टेनिसपटू सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारत खेळला नाही. चषक हातचा सोडला. त्या चषकाचे मोल ज्यांना कळत होते त्यांनीच तो सोडला, म्हणून त्या नकाराला किंमत होती.

न्यूझीलंड हा चित्रपटात केवळ एक बलाढ्य प्रतिस्पर्धी म्हणून येतो. परंतु १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तो देश अक्षरशः दुभंगला होता. २५ जुलै रोजी हॅमिल्टनच्या मैदानात शेकडो निदर्शक कुंपण तोडून घुसले, मैदानाच्या मध्यभागी एकमेकांचे हात धरून उभे राहिले आणि सामना रद्द करावा लागला. प्रेक्षकांनी त्यांना शिव्या दिल्या, बाटल्या फेकल्या, मारहाण केली. खुद्द दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदविरोधी क्रीडा संघटनांनी १९७३ पासून एक घोषणा दिली होती: समाज विकृत असताना खेळ सुरळीत चालू शकत नाही. १९९५ चा सामना शक्य झाला तो हे सारे घडल्यामुळे. आधी वीस-पंचवीस वर्षे लोकांनी खेळ थांबविला, म्हणून पुढे तो देश जोडण्याच्या कामी येऊ शकला.

आणखी एक गोष्ट. चित्रपटाच्या पहिल्या दृश्यावरून प्रेक्षक समजून चालतो की रग्बी गोऱ्यांची आणि फुटबॉल काळ्यांचा. पूर्व केप प्रांतात काळी माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रग्बी खेळत आली आहेत. रॉबेन बेटावरील राजकीय कैदीही रग्बी खेळत, आणि मंडेलांचे पहिले क्रीडामंत्री स्टीव्ह ट्श्वेते हे त्याच बेटावर पंधरा वर्षे काढलेले, पूर्व केपमधले रग्बीवेडे गृहस्थ होते. ही माणसे पडद्यावर आली असती तर गोऱ्यांनी दिले आणि काळ्यांनी घेतले, हा चित्रपटाचा सोपा नकाशा बिघडला असता.

आता आमच्या तरुण मित्राचे मत. त्याचा संताप मला कळतो; विश्वासघात हा शब्द मात्र मान्य नाही. त्या वर्षांतील परिस्थिती त्याने डोळ्यांपुढे आणावी. १० एप्रिल १९९३ रोजी कम्युनिस्ट पक्षाचे लोकप्रिय सरचिटणीस क्रिस हानी यांचा त्यांच्या घराच्या दारात खून झाला आणि देश यादवीच्या कड्यावर येऊन ठेपला. त्याच वर्षी जूनमध्ये शस्त्रधारी गोऱ्या अतिरेक्यांनी वाटाघाटींच्या सभागृहावर चाल केली. लष्कर, पोलीस आणि नोकरशाही गोऱ्यांच्या हाती होती. अशा वेळी शत्रूच्या मनातील भीती काढून घेणे हे अत्यंत व्यवहारी राजकारण होते. चित्रपटातील मंडेलाही आपल्या सचिव बाईंना हेच समजावितात: पोलीस, लष्कर आणि अर्थकारण अजून त्यांच्या ताब्यात आहे, ते बिथरले तर बाकीच्या प्रश्नांना आपण हातच घालू शकणार नाही.

माझ्या मते चित्रपटातील सर्वांत मोलाचा संवाद हाच होय, आणि आपल्या प्रेक्षकांनी तोही युनिसच्या वाक्याप्रमाणेच कानाआड केला. मंडेलांनी तीन गोष्टी मोजल्या. पोलीस नव्या राज्यघटनेखाली आले. लष्करही आले. तिसरी गोष्ट, अर्थकारण, तिचे काय झाले? आणि ज्या 'बाकीच्या प्रश्नां'साठी हा सलोखा मांडला होता त्यांची पाळी कधी आली?

येथे आपण ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताकडे येतो, कारण खरा वाद त्यांच्याशी आहे. प्रेमाने माणसे जोडली जातात, हे त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. जोडलेल्या माणसांनी पुढे काय केले, हा उरलेला निम्मा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारावाच लागतो.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, २३ जून १९९५ रोजी, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या रग्बी संघटनांनी रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांचा सुमारे ५५ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. चित्रपटात याचा उल्लेख नाही. सामन्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च १९९८ मध्ये, त्याच रग्बी संघटनेने आपल्या कारभाराच्या चौकशीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरील मंडेलांना राष्ट्राध्यक्षपदी असताना जातीने साक्षीला उभे राहावे लागले. एलिस पार्कवर ज्यांना मिठी मारली त्यांच्याच वकिलांनी त्यांची उलटतपासणी घेतली. चित्रपट २४ जूनच्या सायंकाळीच संपतो, म्हणून हेही प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही.

सामन्याला वर्ष होते न होते तोच, जून १९९६ मध्ये, सरकारने 'गिअर' या नावाने ओळखले जाणारे आर्थिक धोरण स्वीकारले. १९९४ च्या पुनर्रचना व विकास कार्यक्रमाने पाच वर्षांत दहा लक्ष घरे आणि शेतजमिनीच्या ३० टक्क्यांचे फेरवाटप अशी उद्दिष्टे ठेवली होती. नव्या धोरणाचा भर तूट कमी करणे, आयातकर उतरविणे आणि भांडवलाचा विश्वास मिळविणे यांवर होता. इ.स. २००० पर्यंत वर्षाला चार लक्ष नव्या नोकऱ्या निर्माण होतील, असे आश्वासन त्यात होते. ते पुरे झाले नाही. संघटित क्षेत्रातील नोकऱ्या त्या काळात उलट घटल्या. सत्य व सलोखा आयोगाने उद्योगधंद्यांवर एकवेळचा संपत्तिकर बसवावा अशी शिफारस केली होती. तो कर बसला नाही. वर्णद्वेषाच्या बळींना २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देण्यात आले आणि तो अध्याय मिटला. जागतिक बँकेच्याच मोजमापानुसार दक्षिण आफ्रिका हा जगातील सर्वाधिक विषम देशांपैकी एक असून तिचा जिनी गुणांक २०१४ मध्ये ०.६३ होता. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मरिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीत महिना १२,५०० रँड वेतन मागणाऱ्या ३४ कामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. हे पोलीस नव्या राजवटीचे होते, आणि खाणकंपनीच्या संचालकांत खाणकामगार संघटनेचे एकेकाळचे सरचिटणीस सिरिल रामफोसा बसलेले होते. तेच पुढे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

नव्या राजवटीने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लक्षावधी घरे बांधली गेली, वीज पोहोचली, एक कोटीहून अधिक मुलांना बालभत्ता मिळू लागला. परंतु ती घरे कुठे बांधली? बहुतांशी जमीन स्वस्त मिळाली तेथे, म्हणजे शहरांच्या पार कडेला, जेथे वर्णद्वेषी राजवटीने काळ्यांना आधीच हाकलले होते तेथेच. काम शहरात, घर वेशीबाहेर, आणि मधल्या प्रवासाचा भार कामगाराच्या पगारावर. युनिसची तक्रार ही अशी साऱ्या अर्थव्यवस्थेची तक्रार आहे. तिने एका वाक्यात जे सांगितले ते सांगायला आम्हा प्राध्यापकांना एक प्रकरण लागले असते.

तिच्या इतर सोयींकडेही पाहू. २०१९ मध्ये देशात राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले तेव्हा ते तासाला २० रँड होते. घरकामगार स्त्रियांसाठी मात्र १५ रँड. हा फरक २०२२ मध्ये नाहीसा झाला. कामावर असताना इजा वा मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या भरपाईच्या कायद्यात घरकामगारांचा समावेश होण्यासाठी २०२० मध्ये घटना न्यायालयाचा निकाल यावा लागला. एलिस पार्कच्या तिकिटानंतर पंचवीस वर्षे. आणि वाहतूक? चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सहा महिन्यांनी, जून २०१० मध्ये, फुटबॉलच्या विश्वचषकाच्या तोंडावर जोहान्सबर्गमध्ये एक चकचकीत जलद रेल्वे सुरू झाली. तिचा पहिला टप्पा विमानतळ ते सँडटन हे श्रीमंतांचे व्यापारी केंद्र असा होता. सँडटनला लागूनच अलेक्झांड्रा ही काळ्या कष्टकऱ्यांची जुनी वस्ती आहे.

अलेक्झांड्राचे नाव निघाले म्हणून एक जुनी हकिकत सांगतो. ऑगस्ट १९४३ मध्ये बसभाडे चार पेन्सवरून पाच पेन्सवर नेण्यात आले तेव्हा या वस्तीने बसवर बहिष्कार टाकला. नऊ दिवस बसगाड्या रिकाम्या धावल्या आणि भाडे पूर्ववत झाले. त्या वेळच्या दहा हजारांच्या मोर्चात पंचविशीतला एक वकिलीचा उमेदवार चालला होता. त्याचे नाव नेल्सन मंडेला. आपण तोवर नुसते पाहणारे होतो, त्या मोर्चाने आपल्याला भाग घेणारा केले, अशा आशयाचे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. म्हणजे ज्या पुरुषाच्या कानावर बसभाड्याची गोष्ट घालावी असे युनिसला वाटते, तो राजकारणात उतरला तोच बसभाड्यावरून!

१९५७ मध्ये भाडे पुन्हा चार पेन्सवरून पाच केले गेले. 'अझिक्वेल्वा', आम्ही बसमध्ये चढणार नाही, अशी घोषणा देत अलेक्झांड्राची हजारो माणसे कित्येक आठवडे पहाटेच्या अंधारात शहराकडे आणि रात्री शहराकडून चालत राहिली, जाताना पंधरा-एक किलोमीटर आणि येताना तेवढेच. त्यांत धुण्याची गाठोडी डोक्यावर घेतलेल्या बायका होत्या, म्हाताऱ्या होत्या. अखेर त्याच वर्षी सरकारला कायदा करून बसभाड्याच्या तुटीसाठी मालकवर्गावर कर बसवावा लागला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. वर्णद्वेषी राजवट ऐन जोमात असताना, मताचा अधिकार नसलेल्या माणसांनी निव्वळ पायी चालून मालकांकडून कर वसूल करून घेतला. आणि मताचा अधिकार मिळाल्यावर, आपले सरकार आल्यावर, आयोगाने सुचविलेला एकवेळचा संपत्तिकर त्याच मालकांवर बसू शकला नाही. का? १९५७ मध्ये लोक रस्त्यावर होते. १९९५ नंतर त्यांना खुर्च्यांवर बसवून टाळ्या वाजवायला सांगण्यात आले.

चित्रपटावरचा माझा मुख्य आक्षेप आता सांगता येईल. त्यात काळी माणसे आहेत, पण ती अंगरक्षक आहेत, मोलकरीण आहे, रेडिओवर सामना ऐकणारे पोर आहे. १९८३ नंतर वस्त्यावस्त्यांत उभी राहिलेली लोकशाही आघाडी, १९८५ मध्ये स्थापन झालेला कामगार संघटनांचा महासंघ, १९८७ चा लाखो खाणकामगारांचा संप, परकीय बँकांनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्यास दिलेला नकार, यांपैकी कशाचीही सावली पडद्यावर पडत नाही. प्रेक्षकांच्या सज्जातून 'शोशोलोझा' हे गाणे उठते तेव्हा अंगावर काटा येतो. परंतु ते गाणे मूळचे आगगाडीने खाणींकडे जाणाऱ्या स्थलांतरित मजुरांचे, हे चित्रपट सांगत नाही. ज्यांनी इतिहास घडविला त्यांना तो इतिहासाचे प्रेक्षक करतो. आणि आपण, जे खरोखरीच प्रेक्षक असतो, आपल्याला ते अगदी स्वाभाविक वाटते!

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. १९९५ च्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकटाच गोरेतर खेळाडू होता; २००७ मध्ये अंतिम सामन्याच्या पंधरांत दोन होते; २०१९ मध्ये सहा होते आणि कर्णधार सिया कोलिसी काळा होता. त्याच्याच नेतृत्वाखाली २०२३ मध्येही चषक आला. मग सलोख्याला फळ आले नाही काय? आले, आणि मला त्याचा आनंद आहे. पण कोलिसीचा मार्ग पाहा. झ्विडे या गरीब वस्तीतल्या मुलाला शिष्यवृत्ती मिळून तो एका जुन्या नामांकित शाळेत गेला आणि तेथून वर आला. २०१९ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे पहिले क्षेत्र घेणारा माकाझोले मापिम्पी मात्र पूर्व केपच्या खेड्यातून अशा कोणत्याही शाळेवाचून आला. असे मापिम्पी किती वाया गेले असतील, याची गणती कोणत्याही चषकावर कोरलेली नसते. शिष्यवृत्तीने एक मुलगा वस्तीबाहेर येतो. वस्ती तेथेच राहते.

तेव्हा हा चित्रपट शिबिरांतून दाखवू नये काय? अवश्य दाखवावा. सलोखा हे दुबळ्याचे शस्त्र नव्हे, हे आपल्या तापट मित्रांना त्यातून शिकता येईल. रडू आले तर खुशाल रडावे. मात्र दिवे लागल्यावर कोणी म्हणाले की प्रेमाने प्रश्न सुटतात, तर त्याला विचारावे की कोणता प्रश्न सुटला. कोणी म्हणाले की विश्वासघात झाला, तर विचारावे की १९५७ प्रमाणे पायी चालण्याची तयारी १९९५ नंतर कोणी आणि का सोडली. आणि कोणी म्हणाले की खेळाने देश जोडला, तर त्याला एवढेच विचारावे: सामना संपल्यावर, विजयाच्या मिरवणुका पांगल्यावर, त्या रात्री युनिस घरी कशी गेली? बस मिळाली काय, आणि भाडे किती पडले?